मयत दिसली की इंजिन बंद

परदेशात जाऊन आलेल्या माणसांचा मला मनापासून कंटाळा आहे. उदगीरला देगलूर रोडच्या नाक्यावर माझं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि दुकानासमोर एक लोखंडी बाकडं आहे. त्या बाकड्यावर बसून लोकांनी मला दुबईपासून शिकागोपर्यंत सगळं जग ऐकवलंय. तिकडे रस्ते कसे गुळगुळीत, तिकडे कोणी हॉर्न कसा वाजवत नाही, तिकडे नळाचं पाणी कसं थेट पितात. मी मुंडी हलवतो, चहा पाजतो आणि मनात म्हणतो, एवढं सगळं होतं तर परत कशाला तडफडलास बाबा.

गुरुपादप्पा बिरादार परत आला तेव्हाही मी तयारी ठेवली होती. ऑस्ट्रेलियात पोराकडे राहून आलेला माणूस, आता महिनाभर तरी कान किटणार. पण तो आला, बाकड्यावर बसला आणि काहीच बोलला नाही. चहा आला, तो प्याला. 'गरम हाय इथं,' एवढंच म्हणाला आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. शेवटी मलाच चैन पडेना.

मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. रस्ता ओलांडायच्या आधी तो उजवीकडे बघायचा, डावीकडे बघायचा, परत उजवीकडे बघायचा. नुसते डोळे फिरवून नाही, अख्खी मान वळवून, हनुवटी खांद्याला टेकेपर्यंत. हा माणूस तीस-पस्तीस वर्षं याच रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवत होता. मागून येणारी एसटी निलंगा डेपोची की उदगीरची, हे त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. तो आता पान खायला पलीकडे जाताना पहिलीतल्या पोरासारखी मान फिरवत होता. हनुमंत नावाचा एक जीपवाला आहे, तोंडाचा फाटका, त्याने विचारलंच, अप्पाला तिकडं मानेचा पट्टा लावला होता काय म्हणून. सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

गुरुपादप्पा माझ्याच वयाचा, माझ्याच गल्लीतला. दहावीत नापास होऊन मी बापाच्या दुकानात बसलो, तो नापास होऊन ग्यानोबा उस्तादच्या जीपमध्ये बसला. ग्यानोबा उस्ताद हा निलंगा रस्त्यावरचा जुना ड्रायव्हर. त्याने गुरुपादप्पाला गिअर शिकवले, शिव्या शिकवल्या आणि एक नियम शिकवला. मयत दिसली की गाडी थांबवायची आणि इंजिन बंद करायचं. नुसतं थांबून भागायचं नाही, इंजिन बंद झालं पाहिजे. ड्रायव्हरने हात जोडायचे आणि मयत पुढे गेल्याशिवाय चावीला हात लावायचा नाही. मयत कोणाची, कुठल्या समाजाची, ओळखीची की परकी, हे विचारायचं नाही.

उस्ताद गेला, त्याचा नियम गुरुपादप्पाने चालवला. नाक्यावर नवा ड्रायव्हर आला की त्याच्या डोक्यात तो आधी हे घालायचा. ऐकलं नाही तर त्याला नंबर लावू द्यायचा नाही. एकदा मी बिदरला लग्नाला निघालो होतो. गाडी गावाबाहेर पडायच्या आत दोन मयती आडव्या आल्या, दोन्ही वेळा हा पठ्ठ्या इंजिन बंद करून हात जोडून बसला, आणि आम्ही पोचलो तेव्हा अक्षता पडून पंगती उठल्या होत्या. त्यावरून मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नव्हतो. त्याला त्याचं काही वाटलं नाही.

तीन वर्षांपूर्वी त्याची बायको रत्नम्मा काविळीने गेली. आम्हा लिंगायतांत मयत बसवून नेतात. फुलांच्या मखरात बसवून रत्नम्माला रुद्रभूमीकडे घेऊन निघाले आणि सगळे नाक्यावर आले, तेव्हा उभ्या असलेल्या सगळ्या जीपा बंद झाल्या. मग रिक्षा बंद झाल्या. उसाचा एक ट्रॅक्टर धडधडत आला, त्याला हनुमंतने हात केला, तोही बंद झाला. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून पायरीवर उभा होतो. हा नाका मी जन्मापासून बघतोय, पण तो इतका गप्प झालेला मी कधी ऐकला नव्हता. फक्त टाळ वाजत होते. गुरुपादप्पा पुढे चालत होता. तोवर तो रडला नव्हता. त्याने डोळे वर करून त्या बंद गाड्यांकडे बघितलं आणि मग त्याला दोघांनी धरावं लागलं.

त्याला एकच मुलगा, सोमेश. लातूरला शिकून इंजिनिअर झाला आणि ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या पुढे बॅलरॅट म्हणून एक गाव आहे, तिथे नोकरीला लागला. सून मंजुश्री लातूरचीच, तिकडे दवाखान्यात काम करते. आई गेल्यावर सोमेशने अप्पांना तिकडेच न्यायचं ठरवलं. पोरगं गुणाचं आहे, यात वाद नाही. जीप निलंग्याच्या एकाला विकली, घराला कुलूप लावलं, चावी माझ्याकडे दिली आणि गुरुपादप्पा विमानात बसला. नाक्यावर आम्ही त्याला हार घातला होता. त्याला परत बघू असं काही मला वाटलं नव्हतं.

तिथे काय झालं ते त्याने मला एकदाच सांगितलं. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. मी न विचारताच तो बोलायला लागला, आणि मध्ये मी काही विचारलं की गप्प व्हायचा, म्हणून मी विचारणं सोडून दिलं.

घर गावाच्या कडेला होतं. सकाळी सोमेश एका गाडीने जायचा, मंजुश्री दुसऱ्या गाडीने. मग दिवेलागणीपर्यंत तो आणि भिंती. बाहेर पडावं तर लांबच लांब स्वच्छ रस्ते आणि त्यावर चालणारं माणूस एक नाही. शेजारी एक म्हातारी राहायची, ती हात हलवायची, हा हात हलवायचा, आणि झालं त्या दिवसाचं बोलणं. बस होती, पण तिचा थांबा दूर, आणि बसून जायचं कुठे? दुसऱ्या टोकाला कलबुर्गीकडचे एक म्हातारे मास्तर राहत होते. त्यांची गाठ देवळाच्या कार्यक्रमात पडली होती. कानडीत बोलले, मराठीत बोलले, निघताना मास्तरांनी त्याचा हात सोडलाच नाही. रोज या म्हणाले. पण रोज यायला गाडी पाहिजे.

गाडी दारात होती. सोमेश कधी कधी कंपनीच्या गाडीने जायचा, तेव्हा त्याची निळी गाडी दिवसभर उभी असायची. आपलं लायसन तिथे काही महिने चालतं, पण गुरुपादप्पा तिथे असतानाच त्याची साठी होणार होती आणि इथलं लायसन संपणार होतं. शिवाय विम्याचं लफडं होतं. आपल्याकडे विमा गाडीचा असतो, चालवणारा कोणी का असेना. गुरुपादप्पाला तर विमा म्हणजे पोलिसाने अडवलं की दाखवायचा कागद, एवढंच माहीत. तिथे गाडी कोण कोण चालवणार त्यांची नावं विम्यात घालावी लागतात, आणि प्रत्येक माणसाचं मोल वेगळं. सोमेशने फोन लावला. किती वर्षं चालवतात? तीस-पस्तीस. कधी अपघात? एकही नाही. त्याचा दाखला? दाखला कुठला आणायचा? मग त्यांनी त्याला नवशिक्यात धरलं आणि विम्याचा हप्ता भरमसाट वाढवला.

हे सांगताना तो पहिल्यांदा थोडा तापला. "मी कुणाला मारलं असतं तर पोलिसात कागद राहिला असता," तो म्हणाला. "कुणालाच मारलं न्हाई, त्याचा कागद कोण देऊन राहिलंय?"

हप्ता वाढला तरी सोमेशने नाव घातलं. एका गाडीच्या विम्यात सोमेश, मंजुश्री आणि गुरुपादप्पा अशी तीन नावं झाली. पण एकट्याच्या हातात चावी द्यायला तो तयार नव्हता. आधी इथलं लायसन काढू, मग तुम्ही मोकळे, असं त्याचं म्हणणं होतं. त्यावर गुरुपादप्पाने स्पष्ट सांगून टाकलं. लायसन मिळालं तर मी इथं राहतो. न्हाई मिळालं तर मला उदगीरला पोचव, घरात कोंडून मी मरणार न्हाई. बापलेकांचं असं ठरलं. म्हणजे त्या परीक्षेवर नुसतं लायसन नव्हतं, म्हातारपण कुठे आणि कोणाजवळ काढायचं हेच तिच्यावर होतं.

मंजुश्रीने त्याला स्वयंपाकाच्या टेबलावर बसवून तयार केलं. कॉम्प्युटरवरची परीक्षा असते, चित्रं बघून कधी ब्रेक मारायचा ते सांगायचं असतं. हा ती पास झाला, आणि माझ्याइतकं आश्चर्य त्यालाही वाटलं. मग शेजारी सोमेशला बसवून गाडी चालवायचा सराव. गाडी चालवायला त्याला कोण शिकवणार, पण सवयी मोडायच्या होत्या. हॉर्न वाजवायचा नाही. चावी फिरवायच्या आधी स्टिअरिंगला हात लावून डोळ्याला लावायचा नाही. आणि आरशात नुसतं डोळ्याने बघायचं नाही, मान वळवून बघायचं, कारण परीक्षा घेणाऱ्याला तुम्ही बघितलेलं दिसलं पाहिजे. मंजुश्री त्याला घरात येता-जाता टोकायची, मामा मान, मामा मान. खोलीतून खोलीत जाताना तो मान वळवायला लागला. सुनेच्या हसण्याने घरात जरा जाग आली होती, असं तो म्हणाला.

परीक्षेच्या दिवशी शेजारी एक बाई बसली. तिने सांगावं तिकडे याने गाडी न्यावी. वळणं झाली, चढावर उभी केली, मागे घेऊन लावली. मान बरोबर वळत होती. बाई कागदावर काही लिहीत नव्हती, म्हणजे चुकत नव्हतं. परतीच्या रस्त्याला लागले, आता शेवटचा सिग्नल राहिला होता, तोही हिरवा होता. समोरून एक लांब काळी गाडी आली. तिच्या काचेतून फुलं दिसत होती आणि फुलांखाली पेटी.

गुरुपादप्पाने गाडी थांबवली. हिरव्या सिग्नलला, भर रस्त्यात. इंजिन बंद केलं. गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि हात जोडले.

बाईने आधी विचारलं, मग जोरात विचारलं. मागे गाड्या थांबल्या. ज्या गावात हॉर्न कोणी वाजवत नाही म्हणतात त्या गावात हॉर्न वाजले. हा काळी गाडी नजरेआड होईपर्यंत हलला नाही. मग चावी फिरवली, मान वळवली, आणि गाडी नीट नेऊन लावली.

मला राहवलं नाही. एवढं सगळं माहीत होतं, घरी बजावलं होतं, मग कशाला थांबलास, असं मी चिडूनच विचारलं. तो माझ्याकडे न बघता बोलला.

"तिच्या मागं एकच गाडी होती, शिवप्पा. एकच. आत एकटंच माणूस बसलेलं. एवढा मोठा रस्ता, आणि त्या मयतीबरोबर दुसरं कुणी न्हाई. म्या बी कसं जाऊ?"

आमच्या दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच दिवस होता, हे मला माहीत होतं आणि त्यालाही.

लायसन मिळालं नाही. त्या बाईने सोमेशला सांगितलं की बाकी सगळं उत्तम होतं, परत परीक्षा द्या, फक्त असं थांबू नका. सोमेशला हायसं वाटलं. त्याने गाडीतच पुढची तारीख घ्यायला फोन काढला आणि म्हणाला, अप्पा, परत मयत आली तर नुसतं मनात हात जोडा. गुरुपादप्पा म्हणाला, बघू. सोमेश म्हणाला, बघू नाही, कबूल करा. हा सीटचा पट्टा लावायला लागला. मग पोराचा तोल गेला. त्याने किती दिवस रजा काढून, किती हौसेने हे सगळं जमवलं होतं, त्याचंही चुकलं असं मी म्हणणार नाही.

"कोण लागत होता तो तुमचा?" सोमेशने विचारलं. "अप्पा, म्या लागतो तुमचा. माझ्यासाठी न्हाई थांबता येत इथं?"

रात्री गुरुपादप्पाला वाटलं, कबूल करून टाकावं. पण त्याला ती मागची एकटी गाडी दिसायला लागली. आपण इथेच म्हातारे झालो, इथेच मेलो, तर पुढे आपण आणि मागे सोमेशची निळी गाडी. रस्त्याने कोणी थांबणार नाही, कोणाचं इंजिन बंद होणार नाही, आणि सोमेश ते एकटा बघणार. हे त्याने पोराला सांगितलं नाही. मला परत जायचंय, एवढंच सांगितलं. सोमेशने तिकीट काढलं आणि विमानतळावर सोडलं. पोराने पाया पडून मान वर केली नाही, म्हणून त्याचा चेहरा बघायचा राहून गेला, असं गुरुपादप्पा म्हणाला.

आता तो इथे आहे, आणि कोणाला वाटेल, माणूस आपल्या गावात परत आला, म्हणजे सुखात आला. तसं काही नाही. दोन खोल्यांचं घर आहे. सकाळी भात टाकतो, तोच रात्री खातो. इथलं लायसनही संपलंय. लातूरला आरटीओत जाऊन परत परीक्षा द्यावी लागेल म्हणतात. मी म्हटलं, चल, मी येतो सोबत. तो म्हणाला, दोन-दोन देशांत परीक्षा देऊन जायचं कुठंय मला? जीप नाही, रत्नम्मा नाही. नाक्यावरून मयत गेली की उठून तिच्या मागे चालायला लागतो. ओळखीची असो नसो, माती देऊन येतो, आंघोळ करतो आणि परत बाकड्यावर येऊन बसतो.

सोमेशचा फोन रविवारी यायचा. गोळ्या घेतल्या का, हवा कशी आहे, पैसे पाहिजेत का. याची उत्तरं तीन, ती संपली की फोन संपायचा. दोघांनाही दुसरं बोलायचं असायचं, ते बाहेरच्या माणसालाही कळत होतं. मला तर वैताग यायचा. एकदा सोमेश कामावर होता म्हणून मंजुश्री बोलली आणि बोलता बोलता सांगून गेली की विम्याची मुदत संपली होती, नवा करताना कंपनीने विचारलं की हे तिसरे गृहस्थ आता इथे राहत नाहीत, नाव काढायचं का. हप्ता बराच कमी झाला असता. सोमेश म्हणाला, राहू द्या.

फोन ठेवून गुरुपादप्पाने मला विचारलं, नाव ठेवलं म्हणजे काय. मी म्हटलं, म्हणजे तुझं पोरगं पैसे पाण्यात घालून राहिलंय. त्याला ते आवडलं नाही. थोड्या वेळाने तो आपणच म्हणाला, म्हणजे म्या कधी बी गेलो तर गाडी चालवू शकतो. मी म्हटलं, लायसनशिवाय? तो म्हणाला, त्ये हाय. पण त्या दिवशी त्याने दोन चहा घेतले आणि पैसे स्वतः दिले.

गेल्या महिन्यात, मंगळवारी, सकाळी बाजार भरायच्या वेळी त्याचा फोन वाजला. रविवार नाही म्हटल्यावर त्याने तो नुसता वाजू दिला. मीच फोन उचलून दिला आणि नाक्यावरच्या गोंगाटात त्याला ऐकू येत नाही म्हणून आवाज मोठा केला. सोमेश होता. बरा होता, मंजुश्रीही बरी होती. मग तो थांबला. समोर हनुमंतची जीप सवाऱ्या भरून धडधडत उभी होती. गुरुपादप्पाने हात वर केला. हनुमंतने काय बघितलं त्याच्या चेहऱ्यावर कोण जाणे, त्याने इंजिन बंद केलं.

"अप्पा," सोमेश म्हणाला, "आज कामावरून लवकर येताना मयत दिसली."

"हाव?"

"मागं कुणीच न्हवतं. नुसती ती काळी गाडी." पोराचा आवाज जाग्यावर नव्हता. "म्या थांबलो. मागचे हॉर्न वाजवून राहिले, तरी थांबलो."

गुरुपादप्पाचा अंगठा फोनच्या कडेवरून फिरत होता. मला वाटलं आता रडेल, आता म्हणेल की परत येतो, परीक्षा देतो, काय वाट्टेल ते करतो.

"इंजिन बंद केलतास का?" त्याने विचारलं.

"केलतं, अप्पा."

"बरं केलंस."

त्यानंतर फोन कोणीच ठेवत नव्हतं. तुम्ही कधी येता असं त्याने विचारलं नाही, तू कधी येतोस असं याने विचारलं नाही. शेवटी तिकडे कोणीतरी सोमेशला हाक मारली आणि फोन बंद झाला. हनुमंतने माझ्याकडे बघितलं, मी मानेने हो म्हटलं, तेव्हा त्याने जीप चालू केली आणि सवाऱ्या घेऊन निघून गेला.

चहा सांगू का म्हणून मी विचारलं. गुरुपादप्पा नको म्हणाला, भात टाकायचाय. तो उठला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. तेवढ्यापुरती रस्त्यावर एकही गाडी नव्हती. तरी त्याने आधी उजवीकडे मान वळवली, मग डावीकडे, मग परत उजवीकडे, आणि घरी गेला.